फास्टर फेणे आणि प्रामाण्याचा प्रश्न

१

एखाद्या लोकप्रिय साहसमालिकेचा नायक पुस्तकातून दूरदर्शनच्या आणि पुढे चित्रपटाच्या पडद्यावर जातो, तेव्हा त्याच्या वाचकांमध्ये एक वाद हमखास उद्भवतो. नायकाच्या अनेक रूपांपैकी खरे रूप कोणते, आणि ते ठरवावयाचे कोणी? पाश्चात्त्य विज्ञानकथा-मालिकांच्या चाहत्यांमध्ये हा वाद ‘कॅनन’ या संज्ञेभोवती चालतो. मराठीत त्याचे सर्वांत ठळक उदाहरण भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणे या मालिकेत सापडते. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकादंबऱ्या मराठी बालवाचकांपर्यंत पोहोचविल्या, ‘बालमित्र’ या मासिकाचे संपादन केले, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला नायक करून वीस पुस्तकांची मालिका लिहिली. ऐंशीच्या दशकात याच नायकावर दूरदर्शन मालिका निघाली; तीत सुमीत राघवन यांनी ही भूमिका केली. २०१७ साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला. त्यात अमेय वाघ बनेश झाले. पुस्तकातला फाफे, छोट्या पडद्यावरचा फाफे आणि चित्रपटातला फाफे या तिहींचा परस्परसंबंध कसा लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

‘कॅनन’ ही संज्ञा मुळात ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या संदर्भातील आहे. कोणते ग्रंथ प्रमाण आणि कोणते प्रमाणबाह्य, याचा निर्णय तीत अभिप्रेत असतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली बायबल-चिकित्सेची पद्धत विनोदाने शेरलॉक होम्सच्या कथांना लावून दाखविली. त्यानंतर होम्सच्या चाहत्यांत कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा यांनाच ‘कॅनन’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला. पुढे चित्रपटसृष्टीत हा निर्णय मालकी हक्काशी जोडला गेला. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत २०१४ साली लुकासफिल्म या कंपनीने, आधीच्या अनेक वर्षांत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या यापुढे प्रमाण कथानकाचा भाग नसून ‘लेजंड्स’ मानल्या जातील, असे घोषित केले. वाचकांनी वर्षानुवर्षे जपलेले प्रसंग एका निवेदनाने अप्रमाण ठरले.

साहित्याच्या अभ्यासकाला हीच संज्ञा दुसऱ्या अर्थाने परिचित आहे. अभ्यासक्रमात नेमले जाणारे, समीक्षेने मान्य केलेले ग्रंथ, म्हणजेच मान्यग्रंथांची परंपरा, हा तो अर्थ. या दोन अर्थांतील अंतर लक्षणीय आहे. दुसऱ्या अर्थाने पाहता फास्टर फेणे मान्य परंपरेच्या परिघावर उभा आहे, कारण बालसाहित्याला साहित्येतिहासात बहुधा स्वतंत्र आणि आखूड प्रकरणच लाभते. पहिल्या अर्थाने मात्र त्याचे प्रामाण्य वाचकांना इतके महत्त्वाचे वाटते की पडद्यावरील प्रत्येक बदलाची ते झाडाझडती घेतात. ज्या संहितेला समीक्षेने गंभीरपणे हाताळले नाही, तिच्या शुद्धतेची राखण सामान्य वाचक करीत आहे.

३

या वादातील पहिली भूमिका कर्तृनिष्ठ आहे. भागवतांनी लिहिले तेवढेच प्रमाण, उर्वरित सारे उपरे, असे ती म्हणते. ही भूमिका स्पष्ट आणि सोयीची आहे; परंतु खुद्द भागवतांच्या साहित्यव्यवहारानेच तिला मर्यादा पडते. परकीय कथा मराठी मुलांच्या जिभेवर रुळेल अशा बेताने नव्याने सांगणे, हा त्यांच्या लेखनाचा एक मोठा भाग होता. रूपांतर म्हणजे मूळाशी द्रोह, असे मानले तर व्हर्नला मराठीत आणणारे भागवतही त्याच आरोपाखाली येतात. शिवाय दूरदर्शन मालिका लेखकाच्या हयातीतील, तर चित्रपट निधनानंतर सोळा वर्षांनी आलेला. पण हयातीत घडले एवढ्यावरून एखादे रूपांतर लेखकाचे लेखन ठरत नाही.

दुसरी भूमिका लक्षणनिष्ठ आहे. सायकल, ‘ट्टॉक्’ हा जिभेचा आवाज, फुरसुंगी, पुण्यातील विद्याभवन शाळा, भोवतीची मित्रमंडळी या खुणा जेथे आहेत तेथे फाफे आहे, असे ही भूमिका मानते. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकाला येथे नाममुद्रेचा प्रश्न आठवावा. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचाच असतो असे नाही, हे गाथेच्या संपादनाने फार पूर्वीच शिकविले आहे. मुद्रा परंपरा सूचित करते. कर्तृत्व सिद्ध करीत नाही. खुणा उसन्या घेता येतात, म्हणूनच केवळ खुणांवरून प्रामाण्य ठरविता येत नाही.

तिसरी भूमिका कार्यनिष्ठ म्हणता येईल. नायक कथेत कोणते कार्य करतो, हे ती पाहते. पुस्तकांतला फाफे शाळकरी आहे आणि वीस पुस्तके होऊनही तो शाळकरीच राहतो. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, विमानचोरांशी झुंजतो. पण वयाने वाढत नाही. ही लेखकाची चूक नव्हे, मालिकेचा नियम आहे. मोठ्यांच्या जगात मुलाचा शब्द सहसा गांभीर्याने घेतला जात नाही. त्या अविश्वासाच्या फटीतूनच साहस निर्माण होते. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले मुलाला दिसते आणि त्याने पाहिलेले अखेर खरे ठरते, हा या कथांचा बालवाचकाशी झालेला करार आहे. सायकल हे या करारातील वाहन आहे, कारण मोठ्यांची परवानगी न घेता मुलाला जेथवर जाता येते, तेवढे जग ती त्याच्या स्वाधीन करते.

४

या कसोटीवर चित्रपट तपासला असता त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. येथील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि ज्या गुन्ह्याचा तो छडा लावतो तो परीक्षाव्यवहारातील गैरप्रकारांशी निगडित आहे. कुतूहल, निर्भयता, अन्याय दिसताच स्वस्थ न बसणारा स्वभाव हे सारे कायम आहे. परंतु मूल आणि मोठे यांच्यातील अंतर, ज्यावर मूळ साहसाची उभारणी होती, ते येथे उरत नाही. पुस्तकातील बनेशला वय वाढण्याची मुभा नव्हती. चित्रपटाने ती दिली. असे का व्हावे? याचे एक उत्तर प्रेक्षकाच्या वयात आहे. ज्यांनी बालपणी ही पुस्तके वाचली ते वाचक आता प्रौढ झाले आहेत. त्यांच्याबरोबर नायकही काही वर्षांनी मोठा झाला. चित्रपट आजच्या बालवाचकाऐवजी कालच्या बालवाचकाच्या स्मृतीला आवाहन करतो, असे म्हणावे लागते.

बदलाचे प्रामाण्य सिद्ध करण्यासाठी चित्रपटाने योजिलेली युक्तीही विचारार्ह आहे. बनेश पुण्यात ज्यांच्या घरी उतरतो ते वृद्ध गृहस्थ भा. रा. भागवत आहेत; ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. ज्याने हे जग निर्माण केले तो त्याच जगाचा रहिवासी होतो. वरवर पाहता ही आदरांजली आहे, आणि ती आहेच. पण तिचे दुसरेही कार्य आहे. लेखकाला कथेच्या आत आणून बसविल्यामुळे, जे त्याने लिहिले नाही त्यावर त्याच्या उपस्थितीची मोहोर उमटते. कर्तृनिष्ठ प्रामाण्याचा आधार तुटलेला असताना त्याची प्रतिमा उभी करून ती उणीव भरून काढली जाते.

५

मग या रूपांचे काय करावे? याचे एक उत्तर पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत मिळते. वि. स. सुखठणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि पर्वांचे संपादनकार्य १९६६ मध्ये पार पडले. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणेशाची कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेत घेतली गेली नाही. ती परिशिष्टात गेली. परंतु ती पुसली गेली नाही, आणि लोकमानसातून तर ती हललीही नाही. मुख्य संहितेचा निर्णय करणे आणि तिच्याबाहेरचे पाठ जपणे ही दोन्ही कामे या आवृत्तीने एकाच वेळी केली. लुकासफिल्मच्या घोषणेत आणि या पद्धतीत मूलभूत फरक आहे. तेथे मालकाने निर्णय दिला. येथे संपादकाने पुरावा मांडला आणि वगळलेला मजकूरही वाचकाच्या हाती ठेवला.

फास्टर फेणेच्या बाबतीत हीच दृष्टी स्वीकारणे योग्य ठरेल. वीस पुस्तके ही मुख्य संहिता मानावी. दूरदर्शन मालिका आणि चित्रपट यांना विकृती न म्हणता, आपापल्या काळाच्या वाचकाशी संवाद साधणारे परिशिष्टगत पाठ म्हणून अभ्यासावे. अशा अभ्यासाला मात्र पूर्वतयारी लागते. पुस्तकांचा प्रथमप्रकाशनाचा क्रम, पुढील आवृत्त्यांतील फेरफार, चित्रे आणि मुखपृष्ठे यांतून घडत गेलेली नायकाची प्रतिमा, पात्रांच्या वयातील आणि स्थलकाळातील विसंगती यांची नोंद झाल्याशिवाय ‘मुळात असे नव्हते’ या विधानाला स्मरणाखेरीज आधार राहत नाही. आणि बालपणीचे वाचन स्मरणात जसेच्या तसे टिकत नाही. वादात हिरिरीने मांडले जाणारे पुष्कळसे ‘मूळ’ हे वाचकाने मनात रचलेले असू शकते.

हे काम चाहत्यांवर सोडून देता येणार नाही. त्यांनी प्रश्न जिवंत ठेवला, हे त्यांचे श्रेय आहे. पाठनिश्चिती, आवृत्ती-तुलना, प्रक्षेप-विचार ही साधने मराठी विभागांकडे आहेत आणि ती आजवर प्रामुख्याने प्राचीन ग्रंथांसाठी वापरली गेली. विसाव्या शतकातील बालसाहित्याची पुस्तके हाताळून झिजली, फाटली, रद्दीत गेली. पोथ्यांना लाभले तसे जतन त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. ज्या संहितेचे वाचक तिच्या खरेपणासाठी भांडतात, ती संहिता जिवंत असते. तिच्या प्रती हाती लागतात तोवरच तिचा पाठ निश्चित करणे शक्य आहे.