इमारतीची पहिली कल्पना आणि 'बिम'

इमारतीचे भवितव्य पहिल्या काही बैठकांतच पुष्कळसे ठरून जाते. तिचे तोंड कोणत्या दिशेस असावे, मजले किती, मजल्याची उंची किती, हे निर्णय त्या वेळी सहज बदलता येतात. पाया भरल्यावर ते परवडत नाही. अमेरिकन वास्तुविशारद पॅट्रिक मॅक्लीमी यांनी २००४ च्या सुमारास हेच आलेखाने दाखविले. काम पुढे सरकते तसतशी खर्च आटोक्यात ठेवण्याची संधी घटते व बदलाची किंमत वाढते. तेव्हा विचाराचे श्रम प्रारंभीच घ्यावेत, हा त्याचा मथितार्थ.

या कामी 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' अर्थात 'बिम' ही संगणकीय पद्धती उपयोगी पडते. इमारतीचे एकच संपूर्ण वर्णन संगणकात ठेवावे आणि सर्व नकाशे त्यातून काढावेत, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडली होती. समजा, मजल्याची उंची ३.६० मीटर आहे. १५ सेंटिमीटर चढणीच्या जिन्यास २४ चढणी लागतील. उंची ३.३० मीटर केली की त्या २२ होतात. हाताने काढलेल्या नकाशांत तलविन्यास, छेद व दर्शनी बाजू अशा सर्व ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. 'बिम'मध्ये जिना मजल्याच्या उंचीशी जोडलेला असल्यास बदल एकदाच करावा लागतो.

आता दिशेचा प्रश्न पाहू. बेळगावचे अक्षांश सुमारे १५.९ उत्तर. २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. दीड मीटर उंचीच्या दक्षिणेकडील खिडकीवर त्या वेळी पूर्ण सावली हवी असल्यास सुमारे १.२ मीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर सूर्य २५ अंशांवर उतरला, की तोच छज्जा ३.२ मीटर लागेल! अर्थात वर्गखोल्या पश्चिमाभिमुख ठेवण्याची चूक पुढे छज्जाने निस्तरत नाही. 'बिम'मध्ये साधे ठोकळे मांडून, स्थळाचे अक्षांश-रेखांश देऊन, इमारत फिरवून पाहता येते. ठोकळ्यांचे क्षेत्रफळही लगोलग कळते.

मात्र येथेच एक धोका संभवतो. भिंत काढू लागताच संगणक तिचा प्रकार व जाडी मागतो. विद्यार्थी हाताला येईल ती नऊ इंची भिंत निवडतो, आणि पडद्यावर नीटनेटकी इमारत उभी राहते. ती इतकी पूर्ण दिसते की अजून न ठरलेल्या गोष्टीही ठरल्यासारख्या वाटतात. म्हणूनच या क्षेत्रात तपशिलाच्या पायऱ्या मानतात. १०० या पहिल्या पायरीवर केवळ ढोबळ आकार व जागा, तर ३०० वर नेमकी मापे अपेक्षित असतात.

सारांश, जे ठरले तेवढेच संगणकास सांगावे. उरलेल्यासाठी पेन्सिल व कोरा कागद जवळ असू द्यावा. हिशेब संगणक करील. कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हे मात्र विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे आहे.