वहीतला एक आकडा

विद्यार्थी मित्रांनो, पोर्ट लुईसहून क्यूरपिपला जाताना रस्ता चढत जातो, हे तुम्ही पाहिले आहे. पण या चढावर तुमचे वजन अगदी किंचित कमी होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? उंच गेल्यावर पृथ्वीची ओढ कमी होते. हा फरक आपल्याला जाणवत नाही. गुरुत्वमापी नावाच्या यंत्राला मात्र तो समजतो.

समजा, पुढे तुम्ही विद्यापीठात भूशास्त्र शिकू लागलात आणि सुट्टीत एका सर्वेक्षण पथकात शिकाऊ म्हणून गेलात. हे पथक उसाच्या शेतांतून जाते, ठरावीक अंतरावर थांबते, यंत्र जमिनीवर ठेवते आणि आकडा वहीत लिहिते. प्रत्येक ठिकाणाचा क्रमांक, वेळ, उंची आणि मोजणी. संध्याकाळी ती वही तुमच्या हाती येते. "हे आकडे संगणकात भरा आणि दुरुस्त करा," असे तुमचे मार्गदर्शक सांगतात.

मोजलेले आकडे पुन्हा दुरुस्त का करायचे? त्याला कारणे आहेत. यंत्रातील स्प्रिंग दिवसभरात किंचित ताणते. म्हणून पथक काही तासांनी पहिल्या ठिकाणी परत येऊन पुन्हा मोजणी करते. चंद्र आणि सूर्य यांची ओढ वेळेप्रमाणे बदलते. जवळचा डोंगरही मोजणीत फरक पाडतो. शिवाय दर मीटर उंचीमागे पृथ्वीची ओढ सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते. पृथ्वीची एकूण ओढ सुमारे ९,८०,००० मिलिगॅल असते. यावरून हे काम किती बारीक आहे, ते ध्यानात येईल. हा सारा हिशोब केल्यावर जो फरक उरतो, तो जमिनीखालच्या खडकांमुळे असतो. जड खडकावर ओढ जास्त आणि हलक्या खडकावर कमी असते.

आता तुम्ही नकाशा काढता. सगळे आकडे एकमेकांशी जुळतात. एकच जुळत नाही. तो खोडून टाकावा, असा मोह तुम्हांला होईल. कोणाला कळणार आहे? पण थांबा आणि आधी वही उघडा. कदाचित वहीत उंची ३२४ मीटर असेल आणि तुम्ही ३३४ भरली असेल. एवढी चूक जमिनीखाली नसलेला खडक नकाशावर उभा करते! वहीही बरोबर असेल, तर दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन पुन्हा मोजा. तोच आकडा आला, तर तो ठेवा. कदाचित नवी गोष्ट सांगणारा तोच आकडा असेल.

आपल्या मॉरिशसबाबत असेच घडले. या बेटावरचे सर्वांत जुने लाव्हा खडक सुमारे ९० लाख वर्षांचे आहेत. परंतु २०१३ साली शास्त्रज्ञांनी येथील किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे कोट्यवधी वर्षे जुने कण सापडल्याचे जाहीर केले. त्यांतला एक कण जवळजवळ २०० कोटी वर्षांचा होता. एवढ्या तरुण बेटावर इतके जुने कण! हे जुळत नव्हते. बेटाखालचे कवच नेहमीच्या महासागरी कवचापेक्षा जाड आहे, असे गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरूनही दिसत होते. तरी काहींना शंका आली, की हे कण बाहेरून आले असतील. मग शास्त्रज्ञांनी वाळू सोडून बेटावरचा खडकच तपासला. २०१७ साली त्यांनी सांगितले, की खडकातही सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन आहेत. आपल्या पायांखाली एका प्राचीन भूखंडाचा तुकडा असल्याचा हा पुरावा ठरला.

मित्रांनो, न जुळणारे कण त्यांनी फेकून दिले असते, तर हे कळले असते का? प्रयोगशाळेत असो वा गणिताच्या वहीत, न जुळणारा आकडा खोडण्यापूर्वी तो का जुळत नाही, हे शोधा. चूक आपली असेल, तर ती मान्य करा. नसेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

स्वाध्याय
१. मोजलेले आकडे दुरुस्त का करावे लागतात?
२. शास्त्रज्ञांनी वाळूनंतर खडक का तपासला?
३. तुमचे एखादे उत्तर न जुळल्यावर तुम्ही काय केले, ते पाच वाक्यांत लिहा.