वर्षानुवर्षे गोधड्या शिवूनही चुण्या का पडतात?

सरावलेला हात कच्चे टाके घालायचे टाळतो, आणि चुण्यांचे मूळ बहुधा तिथेच असते. जुन्या लुगड्यांचे थर सपाट जमिनीवर अंथरून, हाताने सारखे करून, मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालावेत. कडांपासून सुरुवात केली तर कापडाचा फुगा मध्ये अडकतो आणि तसाच शिवला जातो. दोरा हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर पुरे. लांब दोरा पुन्हापुन्हा ओढला जाऊन झिजतो, पिळतो, गाठी धरतो. मग धावदोऱ्याची वीतभर ओळ घालून कापड उलटून पाहावे. मागचे टाके बारीक किंवा गायब दिसले, तर सुई फार तिरपी जाते आहे. ती उभी टोचावी. खालच्या बोटाला टोक लागताच वर वळवावी. बोथट सुई लगेच बदलावी.