संग्रहाच्या चार गोष्टी

समाजाच्या कार्यक्रमाला एखादे कुटुंब एकदा येते आणि पुन्हा दिसत नाही. आम्ही म्हणतो, 'त्यांना समाजाची ओढ नाही.' पण त्या दिवशी त्यांच्याशी कोण बोलले, हे आम्ही स्वतःस विचारतो काय?

अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थक उपासकाचा प्रसंग आहे. त्याच्यासोबत सुमारे ५०० उपासक होते. 'एवढी परिषद तू कशी सांभाळतोस?' असे भगवान बुद्धांनी विचारले. भगवंतांनीच शिकविलेल्या चार संग्रहवस्तू हत्थकाने सांगितल्या : दान, प्रियवचन, अर्थचर्या व समानता.

भोजनदान आम्ही करतोच. प्रियवचन म्हणजे दारातच 'जयभीम, या, बसा' म्हणणे. अर्थचर्या म्हणजे नव्या कुटुंबाच्या मुलांच्या शाळाप्रवेशास मदत करणे. समानता म्हणजे पदाधिकाऱ्यांनी वेगळ्या खोलीत न जेवता सर्वांच्या पंगतीत बसणे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमचे पूर्वज महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते समतेसाठी. त्यांच्या वारसांच्या पंगतीत कुणीही परके राहू नये. म्हणून येत्या बुद्धपौर्णिमेस प्रत्येक जुन्या सभासदाने एका नव्या कुटुंबाशेजारी बसावे, एवढाच या पाठाचा स्वाध्याय.