गंज झाकू नका, कापून काढा



विळा रात्रभर पावसात अंगणात राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस डाग दिसतो. तो गंज. लोखंड, पाणी आणि हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल, तर तो भराभर चढतो. म्हणून समुद्रकाठच्या गावी कड्या, कुलपे आणि पत्रे लवकर खराब होतात.

विळ्याचे पाते जाड असते. त्याचा गंज आपण दगडावर घासून काढतो. पण मोटारगाडीचे अंग पातळ पत्र्याचे असते. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. तिथे गंज आरपार गेला, की घासून भागत नाही. तेवढा पत्रा बदलावाच लागतो. हे काम कसे होते, ते आज आपण पाहू.

जुनी पद्मिनी

उदाहरणासाठी पद्मिनी गाडी घेऊ. जुने लोक तिला अजून फिएटच म्हणतात. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी होत असे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील तिची शेवटची टॅक्सीही बंद झाली. ही गाडी आता बनत नाही. तरी काही घरांत ती हौसेने राखलेली आहे. तिचा पत्रा सडला, तर नवा बहुधा मिस्त्रीकडूनच घडवून घ्यावा लागतो.

या गाडीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. ट्रकला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो. त्याला चासी म्हणतात. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तिचा तळ, दारांखालचा उंबरा आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणजे दाराखालचा उंबरा हा नुसता शोभेचा पत्रा नव्हे. ते गाडीचे हाड आहे.

हाड पोखरले तर काय होईल? गाडी जॅकवर चढवली, की जॅक सडक्या पत्र्यातून वर घुसेल आणि गाडी खाली येईल. खाली माणूस असेल, तर त्याच्या जिवावर बेतेल. बैठक ज्या तळाला बोल्टाने आवळली आहे तो तळ सडला, तर ब्रेक दाबताच बैठक उखडेल. म्हणून आम्ही म्हणतो, हा रंगरूपाचा प्रश्न नाही. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गंज कसा ओळखावा?

गाडी धुवा. आतले पायपोस आणि रबरी चटया उचला. ओल तिथेच दडून बसते. मग छोट्या हातोडीने पत्रा हलके ठोका. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना? तसेच हे आहे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडका पत्रा बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे पेचकस टोचून पाहा. टोक आत गेले, तर पत्रा गेला म्हणून समजा.

एक लोहचुंबकही जवळ ठेवा. काही कारागीर भोकात लांबी भरतात, वर रंग मारतात आणि म्हणतात, "झालं बघा काम, गाडी नवी झाली!" लांबी म्हणजे भेगा भरायचा लगदा. तिच्यात लोखंड नसते. म्हणून जाड लांबीवर लोहचुंबक चिकटत नाही. लांबीखाली गंज वाढतच राहतो. वरून कीर्तन, आतून तमाशा!

कामाआधीची तयारी

पत्रा जोडताना वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. म्हणून आधी बॅटरीची तार सोडावी. पेट्रोलची टाकी काढून दूर न्यावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि ती वाफच भडका घेते. बैठका, चटया आणि तारा बाजूला काढाव्यात. वाळूची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

काम कसे करतात?

पहिली पायरी आधाराची. गाडी सपाट जमिनीवर, मजबूत घोड्यांवर ठेवावी. उंबरा कापायचा असेल, तर दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आडवा आधार बांधावा. घराचा खांब बदलताना आपण आधी तुळईला टेकू देतो. तसाच हा टेकू. तो नसेल, तर गाडी मधोमध वाकते आणि मग दारे लागत नाहीत. दोन्ही बाजूंचे उंबरे एकदम कापू नयेत. एक पुरा जोडावा, मग दुसरा घ्यावा.

दुसरी पायरी कापण्याची. गंजाच्या कडेपाशी थांबू नये. दोन बोटे पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत कापावे. सडक्या पत्र्याला नवा पत्रा जोडला, तर जोड धरत नाही. उंबऱ्याला आत आणखी एक पत्रा असतो. तो सडला असेल, तर आधी तो दुरुस्त करावा.

तिसरी पायरी बेतण्याची. शिंपी कापड बेततो, तसा आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा. तो नीट बसला, की त्यावरून पत्रा कापावा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला, की पत्रा पातळ होतो. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. बाहेरच्या अंगाला साधारण २० गेज चालतो. उंबऱ्याला आणि तळाला १८ गेज बरा. छपराचा जस्ती पत्रा वापरू नये. त्याच्या वेल्डिंगच्या धुराने माणसाला थंडीताप भरतो.

चौथी पायरी जोडण्याची. गोधडी शिवताना बाया आधी दूरदूर टाके घालतात. पत्र्यालाही तसेच आधी दूरदूर टाके द्यावेत. मग दार लावून पाहावे. नीट लागले, तर मधल्या जागा थोड्या थोड्या भराव्यात. एक टाका इकडे, तर दुसरा तिकडे. मध्ये पत्रा निवू द्यावा. एकाच जागी ताव दिला, तर पत्रा वेडावाकडा होतो.

पाचवी पायरी रंगाची. जोड घासून साफ करावा. त्यावर गंजरोधक प्राइमर द्यावा. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून सांधा बुजवण्याचा मसाला भरावा. लांबी फक्त पातळ हाताने, पृष्ठभाग सारखा करण्यापुरती लावावी. मग रंग द्यावा. उंबऱ्याच्या पोकळीत आतून मेण किंवा तेल फवारावे. पाणी निघून जाण्याची खालची भोके मात्र बुजवू नयेत.

कागद आणि डोळे

आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. कुठला पत्रा कापणार, किती गेजचा घालणार, पैसे किती, हे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. आणि एक अट जरूर घाला: "रंग देण्याआधी आम्ही काम पाहणार." उघडा जोड खोटे बोलत नाही. प्रामाणिक मिस्त्रीला या अटीचा राग येणार नाही. उलट त्याच्या हाताची कदर होईल.

गाडीचा रंग बदलणार असाल, तर नोंदणीच्या पुस्तकात तशी नोंद करून घ्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या तपासणीच्या वेळी सडका तळ लपत नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त औषध कोणते? पावसाळ्यात चाकांवरचा चिखल धुऊन काढा. ओल्या चटया उन्हात टाका. खालची भोके काडीने मोकळी ठेवा. एवढे केले, तर नवा जोड पुष्कळ वर्षे टिकेल.

आठवून सांगा
१. गंज चढायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. पद्मिनीच्या उंबऱ्याला गाडीचे हाड का म्हटले आहे?
३. पेट्रोलची रिकामी टाकीही दूर का न्यावी?
४. रंग देण्याआधी काम का पाहावे?