फळ्यावरची नावं कुणाची, ते आधी विचारा

बी.एस्सी.चे निकाल लागले की दोंडाईच्यातलं कुणी ना कुणी माझा नंबर शोधून काढतं. “दादा, तुम्ही ते सॅटेलाइटचं केलंय ना? आम्ही करू का?” फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, आणि सांगता सांगता माझा आवाज चढतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गोष्ट त्या एका इमारतीपुरती राहील, आणि तशी जाहिरात करणारे पुष्कळ आहेत.

आधी एक स्पष्ट करतो, विषय खोटा नाही. आमच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान मला अजून पाठ आहे. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ ला सुटला. नकाशे आणि भू-माहितीवरचे निर्बंध सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल केले. राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण डिसेंबर २०२२ मध्ये आलं. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू आहे. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. लबाडी शेवटच्या पानावर होती. तिथे ‘उद्योगाभिमुख प्रोफेशनल मास्टर्स’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के प्लेसमेंट’. दोन वर्षांची फी साडेचार लाखांच्या घरात. आप्पा स्टार्च फॅक्टरीत कामाला. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्ज काढलं आणि मी पुण्याला गेलो.

पहिले काही महिने ‘कम्युनिकेशन स्किल्स’, ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ आणि पॉवरपॉइंटवर गेले. ‘लॅबचं लायसन्स रिन्यू होतंय,’ असं सांगत राहिले. खरे तास सुरू झाले तेव्हा थंडी पडली होती. असं का केलं असावं, ते खाली फीच्या नियमापाशी आलात की तुमच्याच लक्षात येईल.

प्रतिमा-वाचनाच्या पहिल्याच तासाला एक तरुण सर आले. पडद्यावर नंदुरबारच्या बाहेरची, खूप बारकावे दिसणारी प्रतिमा होती आणि तिच्यावर मोठमोठे लालभडक चौकोन. सर म्हणाले, “रेड म्हणजे व्हेजिटेशन. इथे दाट शेती आहे.” मी हात वर केला. “सर, ती शेती नाही. मिरचीच्या पथाऱ्या आहेत. ओली मिरची वाळत घातलीय.” वर्ग हसला. सर म्हणाले, “थिअरी लक्षात ठेव. लाल म्हणजे झाडोरा.”

आता थिअरीच सांगतो. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परावर्तित करतं. त्या किरणांच्या पट्ट्याला आपण पडद्यावर लाल रंग देतो, म्हणून कृत्रिम रंगांच्या प्रतिमेत झाडोरा लाल दिसतो. पण समोरची प्रतिमा नैसर्गिक रंगांतली होती. त्याच प्रतिमेत रस्त्याकडेची लिंबाची झाडं हिरवीगार दिसत होती! मी ती बोटाने दाखवली. सरांनी विचारलं, “गाव कोणतं तुझं?” मी म्हटलं, दोंडाईचा. “ते कुठे आलं?” वर्ग पुन्हा हसला. मिरचीच्या बाजारामुळे सगळ्या खानदेशाला माहीत असलेलं गाव नकाशे शिकवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, आणि हसं झालं ते माझं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याजवळच्या प्लेसमेंटच्या फळ्यापुढे उभा राहिलो. रोज त्याच्यासमोरून जायचो, पण नीट वाचला नव्हता. तिसऱ्या ओळीत सरांचा फोटो होता. ते आमच्याच कोर्सचे, आधीच्याच बॅचचे. फोटोखाली ‘जिओस्पेशियल ॲनालिस्ट’ आणि त्याखाली एका ट्रस्टचं लांबलचक नाव. तो ट्रस्ट म्हणजे आमची संस्था चालवणारा ट्रस्ट. नोकरी न मिळालेल्या पोराला तासिका तत्त्वावर शिकवायला ठेवलं, आणि ‘प्लेस’ झालेल्यांत मोजलं. मग बाकीचे फोटो वाचले. ज्या कंपनीचं नाव सगळ्यात जास्त वेळा होतं, तिचं ऑफिस आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं.

तेवढ्यावर थांबलो नाही. फळ्यावरच्या काही जणांना शोधून फोन केले. एक जण केव्हाच ती नोकरी सोडून पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करत होता. दुसरी म्हणाली, “अरे, माझा फोटो अजून आहे का तिथे?” प्लेसमेंटच्या मॅडमकडे गेलो, अगदी सभ्यपणे विचारलं, “मॅडम, ‘प्लेस’ झालं असं कशावरून धरता?” त्या हसून म्हणाल्या, “तू फार निगेटिव्ह विचार करतोस. मोठं व्हायचं तर माइंडसेट बदल.” फी परत मागितली तर म्हणाल्या, “आमच्या पॉलिसीत रिफंड बसत नाही.” त्यानंतर त्या मला कायम मीटिंगमध्येच असायच्या.

इंटर्नशिप वरच्या मजल्यावरच्या त्याच कंपनीत झाली. काम म्हणजे उपग्रह-प्रतिमेवर घरांची छपरं गिरवणं. सकाळी बसायचं, छपराच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक करत चौकोन पूर्ण करायचा, की पुढचं छप्पर. रोजचं टार्गेट ठरलेलं, मानधन शून्य, वर इंटर्नशिपची वेगळी फी आमच्याकडूनच. प्रबंधासाठी मला साक्री-नंदुरबार पट्ट्यातले डाइक घ्यायचे होते. आपल्या काळ्या खडकात उभ्या भिंतींसारखे घुसलेले हे खडकांचे पट्टे जमिनीखालचं पाणी कुठे अडवतात, कुठे वाट देतात आणि आजूबाजूच्या विहिरींवर त्याचा काय परिणाम होतो, हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा प्रश्न. “डेटा अव्हेलेबल नाही,” एवढं एकच उत्तर मिळालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे आहेत. निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठेवते. मार्गदर्शकांना दोन्ही माहीत नव्हतं. शेवटी अख्ख्या बॅचने पुणे शहराच्या वाढीवर प्रबंध केले, फक्त वॉर्ड वेगळे.

निकाल लागला तरी मूळ कागदपत्रं परत देईनात. ‘प्रोजेक्ट चार्जेस बाकी आहेत,’ म्हणे. तेव्हा यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना छापून, तिच्यातल्या ओळींवर खुणा करून अर्जाला जोडली. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही संस्थेला स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ‘मीटिंगमध्ये’ असलेल्या मॅडम त्या दिवशी जागेवर सापडल्या, आणि कागदपत्रं मिळाली.

दोंडाईच्याला परतलो. माहितीपत्रकात ‘भूमी अभिलेख विभागात संधी’ असंही छापलं होतं. भूकरमापक पदाची जाहिरात काढून वाचली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावीनंतर आयटीआयचं दोन वर्षांचं सर्वेक्षक प्रमाणपत्र, आणि टायपिंग. माझी एम.एस्सी. त्यात कुठेच नव्हती. आईने एवढंच विचारलं, “नकाशा काढाले एवढा पैसा लागस का?” मला उत्तर देता आलं नाही. खरं तर ते उत्तर त्या मॅडमनी द्यायला हवं होतं.

सध्या मी सुलवाडे-जामफळ उपसा सिंचनाच्या कामावर एका उपकंत्राटदाराकडे मोजणीला जातो. टोटल स्टेशन कसं लावायचं, बेंचमार्कवरून उंची कशी आणायची, रोव्हरचं वाचन कधी खरं मानायचं, हे मला शिंदखेड्याच्या एका आयटीआय झालेल्या पोराने शिकवलं. वयाने तो माझ्याहून लहान. जुन्या गाव-नकाशाचा कागद आकसलेला आणि ताणलेला असतो, तो आजच्या निर्देशांकांवर बसवताना घाम फुटतो. साडेचार लाखांत यातलं काहीच नव्हतं.

आता ज्यांना करायचंच आहे, त्यांच्यासाठी.

पदवी कोण देणार ते बघा. इमारतीवरच्या पाटीवर जाऊ नका. गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचं नाव येणार, ते यूजीसीच्या यादीत शोधा. एम.टेक. असेल तर एआयसीटीईची मान्यता तपासा. ऑनलाइन किंवा दूरस्थ असेल तर त्या कोर्सला वेगळी परवानगी लागते, ती त्या वर्षाची आहे का पाहा. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ पुण्या-नाशकात दिसलं, तर जिना चढूच नका.

पुढे ज्या नोकरीवर डोळा आहे, तिची जुनी जाहिरात आधी वाचा. पात्रतेच्या रकान्यात तुमच्या पदवीचं नाव अक्षरशः आहे का? ‘समकक्ष’ शब्दावर विसंबू नका. समकक्षतेचा कागद आणायला तुम्हालाच पळावं लागतं.

शिकवणाऱ्यांची परीक्षा घ्या. त्यांना विचारा, “सर, आमचं गाव सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोणत्या शीटवर येतं?” दोंडाईचा १:५०,००० च्या ४६ के/११ वर येतं आणि यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये. ज्याला विषय येतो, तो अक्षांश-रेखांश विचारून कागदावर दोन रेघा मारून हे काढून दाखवतो. जो ‘प्रवेश घे, मग सांगतो’ म्हणेल, त्याच्याकडे प्रवेश घेऊ नका.

पैसे भरण्याआधी फुकटात करून बघा. क्यूजीआयएस मोफत आहे. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या प्रतिमा मोफत आहेत. इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही फुकट असतात. आपल्या शेताचा, अमरावती नदीचा, तापीवरच्या सारंगखेडा बॅरेजच्या फुगवट्याचा नकाशा स्वतः करून पाहा. रोज संध्याकाळी तिथे बसावंसं वाटत असेल, तर विषय तुमचा.

सरकारी वाट आधी चोखाळा. गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईचं या विषयाचं केंद्र १९७६ पासूनचं आहे, डेहराडूनची संस्था तर १९६६ ची. तिथे जमलं नाही तरी आपल्या जळगावच्या विद्यापीठातून भूगोलात एम.एस्सी. करून वर पायथन शिकलेला मुलगा माझ्यापेक्षा कमी कर्जात बाहेर पडतो. महाडीबीटीवर कॉलेजचं आणि कोर्सचं नाव दिसतं का, हेही बघा. दिसत नसेल तर शिष्यवृत्तीची आशा सोडा.

कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पैसे उचलले त्या दिवसापासून चढतं. बँकेचे साहेब हे घाईत सांगतात. आप्पांना सोबत नेऊन नीट ऐका.

इंग्रजी सुधारा, संगणकावर हात बसवा, गर्दीच्या मागे जाऊ नका, संयम ठेवा. हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

आणि फीचं. २०१८ च्या त्याच अधिसूचनेतला हा तक्ता मला वेळेत कुणी दाखवला नाही, संस्थेने तर नाहीच नाही. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं, तर जास्तीत जास्त पाच हजार कापून सगळी फी परत. त्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे एक पैसाही नाही. काही वर्षी यूजीसी याहून जास्त सवलत जाहीर करते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रकही बघा. संस्थेने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार निवारण समितीकडे, मग लोकपालाकडे आणि यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर जा. अर्ज तोंडी करू नका, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमचे खरे तास थंडीत का सुरू झाले, ते आता कळलं असेल. म्हणून प्रवेशाची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, आणि पहिल्या आठवड्यातच लॅब उघडून घ्या, शिकवणारे कोण ते बघा, फळ्यावरच्या निदान तिघांशी बोला. शंका आली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. ते ३० दिवस तुमचे असतात, एकतिसाव्या दिवसापासून पैसे त्यांचे.