ट्रेवरच्या दोन सिरिंजा

नवी मुंबईतील एका दंतचिकित्सालयात, खुर्चीच्या डाव्या अंगास बसून, डॉक्टरांच्या हातात हत्यारे देण्याचे आणि रुग्णाच्या तोंडातले पाणी सक्शनने ओढून घेण्याचे काम मी गेली 22 वर्षे करीत आहे. या काळात जे जे शिकले त्यातील बहुतेक गोष्टी पाहून आणि विचारून शिकता आल्या. परंतु एक गोष्ट मात्र एका निरपराध इसमाच्या गालाची किंमत देऊन मला शिकावी लागली, आणि ती या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलींना तशी किंमत न देता शिकता यावी, एवढ्याच हेतूने हा वृत्तांत मी तपशीलवार लिहून ठेवीत आहे.

महिना जुलैचा होता. हार्बर मार्गावरील गाड्या पाण्यामुळे बंद पडल्या होत्या, पनवेलहून येणारी माझी जोडीदारीण पोहोचू शकली नव्हती, आणि दोन्ही खुर्च्यांचा भार माझ्या एकटीवर होता. पहिल्या खुर्चीवर तुर्भ्याच्या बाजार समितीत कांद्याबटाट्याच्या गोण्या वाहणारे, मूळचे सातारा जिल्ह्यातील एक माथाडी कामगार होते. त्यांच्या वरच्या डाव्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल चालले होते. काम निम्म्यावर आले असता त्यांना कळ जाणवू लागली, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला आणि भुलेचे इंजेक्शन आणखी एकदा मागितले.

ट्रेवर दोन सिरिंजा होत्या, दोन्ही अडीच मिलिलिटरच्या, दोन्हींना सारखीच सुई. एकीत भुलेचे औषध होते आणि दुसरीत दाढेच्या मुळातील नळ्या धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला आम्ही सर्वजणी नुसते हायपो म्हणतो. दोन्ही द्रव पाण्यासारखे दिसतात. हायपोला उग्र वास असतो खरा, परंतु ते अर्ध्या तासापासून वापरात असल्यामुळे सगळ्या खोलीलाच तो वास लागलेला होता, आणि त्यामुळे नाकाचा काही उपयोग उरला नव्हता. मी सिरिंज उचलली, तेव्हा माझी नजर तिच्या दट्ट्यावर गेली. तो दोनच्या रेघेवर होता, आणि भुलेचे औषध तर मी दीडच्या रेघेपर्यंतच भरले होते, असे मला अंधुकसे आठवले. शंका आली ती एवढीच, आणि तीही क्षणभर. पण डॉक्टरांचा हात पुढे होता, दुसऱ्या खुर्चीवरचे मूल रडत होते, आणि मी ती सिरिंज त्या हातात ठेवली.

सुई हिरडीत गेली आणि रुग्णाचा डावा हात वर झाला. दुखल्यास डावा हात वर करा, असे आम्हीच त्यांना बजावले होते. भूल देताना किंचित जळजळ होतेच, तेव्हा डॉक्टरांनी, ‘थोडं जळजळेल मामा, झालंच,’ असे म्हणून दट्ट्या आणखी थोडा दाबला. मला त्या वेळी सर्व कळून चुकले होते, तथापि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाच-सहा अंक मोजावेत इतका वेळ मी गप्प राहिले, आणि मग म्हणाले, ‘डॉक्टर, थांबा. ते हायपो आहे.’ पहिली चूक घाईची होती आणि तिला परिस्थितीचा थोडाफार आधार तरी देता येईल, परंतु त्या पाच-सहा अंकांना कसलाच आधार नाही. त्या अवधीत जे थेंब आत गेले ते सर्वस्वी माझ्या मौनामुळे गेले, असे मी आजही मानते.

गाल पाहता पाहता सुजला, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याखालपर्यंत काळानिळा झाला. डॉक्टरांनी काय घडले ते रुग्णाला तिथल्या तिथे, काहीही न लपविता सांगितले. पहिल्या दिवशी गार शेक, त्यानंतर कोमट शेक, वेदनाशामक व प्रतिजैविक औषधे, आणि रोजची तपासणी, असा क्रम ठेवला. ते बरे झाले, पण त्यांचे दहा दिवस बुडाले. जितक्या गोण्या तितकी मजुरी, असा ज्याचा हिशोब, त्याच्या दहा दिवसांचा अर्थ घरी काय होतो हे मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

हायपोचा गुण आणि अवगुण एकच. मृत व कुजलेली ऊती ते विरघळविते म्हणून ते मुळाच्या नळीत हवे असते, आणि जिवंत ऊतीलाही ते तितक्याच निष्ठुरपणे जाळते म्हणून ते नळीबाहेर जाता कामा नये. अमेरिकेसारख्या देशांत भुलेचे औषध सुमारे 1.8 मिलिलिटरच्या बंद काचेच्या नळीत येते आणि ती नळी धातूच्या खास सिरिंजमध्ये बसवितात, त्यामुळे ती सिरिंज हातात घेताच ओळखू येते. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी 30 मिलिलिटरच्या बाटलीतून लिग्नोकेन साध्या सिरिंजमध्ये ओढण्याचा प्रघात आहे. सबब, दोन द्रवांतील भेद राखण्याची जबाबदारी वस्तूवर न राहता आपल्या हातावर येते.

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे जी तजवीज झाली ती अशी, आणि ती कोणत्याही लहान दवाखान्यास परवडण्याजोगी आहे. भुलेसाठी अडीचचीच सिरिंज आणि हायपोसाठी पाचचीच, तीही पेच असलेली, तिला बाजूस छिद्र असलेली बोथट सुई, आणि नळीवर लाल पट्टी. दोन्ही एका ट्रेवर कधीही नाहीत. भुलेचे औषध डॉक्टरांच्या समक्ष बाटलीतून ओढायचे, बाटलीवरील नाव व मुदतीची तारीख मोठ्याने वाचायची, आणि काम संपेपर्यंत बाटली सिरिंजशेजारी उभी ठेवायची. रिकाम्या झालेल्या लिग्नोकेनच्या बाटलीत फॉर्मलिन, स्पिरिट किंवा अन्य काहीही भरून ठेवण्याची जी सवय अनेक ठिकाणी आढळते, तिच्यापायी देशात रुग्णांच्या हिरडीत फॉर्मलिन टोचले गेल्याचे प्रकार घडले आहेत. ती बाटली त्याच दिवशी कचऱ्यात गेलीच पाहिजे, यात हयगय नको. आणि ज्या सिरिंजमध्ये काय आहे याविषयी तिळमात्र संशय असेल, ती ओतून टाकावी. औषधाची किंमत अगदी थोडी असते.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, आपल्याला हे शिकविणारे कोणी नसते. नेरूळ, खारघर, कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत आणि तेथून दरवर्षी डॉक्टर बाहेर पडतात. परंतु 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, दंत-आरोग्यक आणि दंत-यांत्रिक यांची नोंदणी ठरविली, तीत खुर्चीजवळच्या सहायिकेचे नाव नव्हते. घणसोली-कोपरखैरण्याची मुलगी बारावी होते, ओळखीने कामाला लागते, आणि शेजारी जी उभी असेल तिच्याकडून बरेवाईट सर्व उचलते. तेव्हा शेजारी उभ्या असणाऱ्या आपल्यासारख्यांवर मोठेच ओझे आहे.

अन्य गोष्टी थोडक्यात सांगते. दाढेचा क्रमांक ऐकताना तो उच्चारून परत सांगावा आणि रुग्णाचे डावे कोणते हे बोटाने दाखवावे, कारण समोरून पाहणाऱ्याचे उजवे ते रुग्णाचे डावे असते. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा, नसेल तर नळीत घालण्याच्या प्रत्येक फाईलला फ्लॉसचा दोरा बांधून त्याचे टोक बाहेर ठेवावे. फाईल निसटली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सुईवर टोपण दोन हातांनी कधीही चढवू नये. टोपण ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. तरीही टोचली तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे, तत्काळ सांगावे, आणि त्याच दिवशी शासकीय किंवा महापालिका रुग्णालय गाठावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, आणि शक्य तर काही तासांतच, सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस-बीच्या लसीच्या तीन मात्रा कामाला लागण्यापूर्वीच मागून घ्याव्यात. मागताना संकोच करू नये.

संकोच हाच शब्द मला पुनःपुन्हा छळतो. त्या दिवशी दट्ट्या दोनच्या रेघेवर आहे हे माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, हात थांबविण्यास एक शब्द पुरेसा होता, आणि तो मी डॉक्टरांच्या घाईच्या भिडेने गिळला. आमच्या डॉक्टरांनी पुढे एक वही केली, जिच्यात झालेल्या चुका नव्हे तर आलेल्या शंका लिहावयाच्या असतात, आणि शंका लिहिणाऱ्या मुलीस कोणी बोल लावायचा नाही असा त्यांचा सक्त हुकूम आहे. मागल्या आठवड्यातील नोंद नवीन मुलीच्या अक्षरात आहे: ‘दुसऱ्या खुर्चीच्या ट्रेवर पाचची एक सिरिंज, लाल पट्टी नव्हती. ताईंनी भरली होती. विचारले नाही, ओतून दिली, मग ताईंना सांगितले.’